फडताळातील तीन शेजारी

पुस्तके निवडताना माणूस सहसा आपल्या आवडीच्या वाटेने जातो. ज्याला इतिहासाचा नाद, तो बखरी, रियासती आणि जुने पत्रव्यवहार गोळा करतो. ज्याला सृष्टीच्या घडामोडींचे कुतूहल, तो विज्ञानाची पुस्तके शोधतो. साहसकथा आपण मुलांच्या हाती देतो, आणि परीक्षा जवळ आली की त्याच हातांतून काढून घेतो. अशा रीतीने एकाच घरात तीन निरनिराळे वाचक तीन निरनिराळ्या खोल्यांत बसतात आणि एकमेकांच्या पुस्तकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. माझे म्हणणे असे की, विज्ञान, इतिहास आणि साहसकथा ही तिन्ही पुस्तके एकाच फडताळात शेजारी शेजारी असावीत आणि एकाच वाचकाने ती एकापाठोपाठ वाचावीत. असे केल्याने प्रत्येक पुस्तक शेजारच्या पुस्तकाची उणीव दाखविते, आणि वाचकाला खऱ्याखोट्याची पारख करावयास शिकविते.

हे नुसते तत्त्व म्हणून सांगितले तर कोणालाही पटेल आणि कोणाच्याही लक्षात राहणार नाही. म्हणून एक गाव उदाहरणादाखल घेतो, आणि तेही मुद्दाम महाराष्ट्राबाहेरचे. मध्यप्रदेशात जबलपूरच्या उत्तरेस सुमारे पंधरा-सोळा किलोमीटरवर पनागर नावाचे गाव आहे. दक्षिणेतून नागपूर-जबलपूरवरून मिर्झापूरकडे जाणारा जुना राजरस्ता याच बाजूने जात असे. पुढे सिहोरा, मग स्लीमनाबाद आणि कटनी लागते. जबलपूरहून प्रयागकडे जाणारा लोहमार्गही याच दिशेने धावतो. वाटसरूंनी शतकानुशतके ओलांडलेले हे गाव. फारसे गाजलेले नाही. तथापि त्याच्या आसपास दिवसभरात जाऊन येता येईल एवढ्या टापूत विज्ञान, इतिहास आणि कादंबरी या तिघांनीही आपापली बैठक मांडलेली आहे.

प्रथम विज्ञानाचे पुस्तक उघडू. जबलपूर शहराला लागून बडा शिमला नावाची एक टेकडी आहे. १८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला तेथे काही प्रचंड हाडे सापडली. ती हाडे दगड बनून गेलेली होती. कोणत्याही परिचित जनावराच्या सांगाड्यात ती बसेनात. ‘डायनोसॉर’ हा शब्दच मुळी १८४२ साली रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने बनविला. म्हणजे हाडे हाती आली तेव्हा त्यांना हाक मारण्यास नावही नव्हते. ती स्पिल्सबरी नावाच्या डॉक्टरांच्या संग्रहातून कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेली. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी, १८७७ मध्ये, रिचर्ड लायडेकर याने मुख्यतः शेपटीच्या मणक्यांच्या आधारे या प्राण्याचे ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नामकरण केले. भारतात सापडलेला हा पहिला डायनोसॉर.

येथेच गोष्ट संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकातील एक ओळ झाली असती. परंतु विज्ञानाची खरी रीत तिच्या उत्तरार्धात आहे. काळाच्या ओघात ते मूळ मणके गहाळ झाले. इकडे जगभर या जातीच्या इतर प्राण्यांचे अवशेष सापडत गेले. लायडेकरने जे विशेष म्हणून सांगितले होते, ते अनेक प्राण्यांत समान आहेत, असे दिसून आले. २००३ साली अभ्यासकांनी स्पष्ट सांगितले की, एवढ्या पुराव्यावर हे नाव स्वतंत्र प्राण्याचे म्हणून टिकत नाही. आणि त्यानंतर, २०१२ साली, नाहीसा झालेला एक मणका भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कलकत्त्यातील संग्रहातच पुन्हा सापडला. तो हुडकून काढणाऱ्या अभ्यासकांत धनंजय मोहबे हे होते. वस्तू परत मिळाली, पण नाव मात्र आधीच गळून पडले होते! विज्ञानाच्या चांगल्या पुस्तकाची खूण ही की, ते आपले निष्कर्ष सांगताना ते कशावर उभे आहेत हेही सांगते, आणि आधार सरकला की निष्कर्ष मागे घेण्यात कमीपणा मानीत नाही.

ही हाडे ज्या थरात मिळाली त्याला नर्मदेवरील लमेटा घाटावरून ‘लमेटा थर’ असे नाव पडले आहे. ते सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचे गाळाचे खडक. त्यांच्यावर काळ्या पाषाणाची चादर पसरलेली आहे, आणि ती आहे ज्वालामुखींच्या लाव्ह्याची. सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या ज्या लाव्ह्याने सह्याद्री घडविला, त्याच लाव्ह्याची ईशान्येकडील कड जबलपूर-मंडल्याच्या प्रदेशापर्यंत येऊन थांबली आहे. रायगड आणि राजगड ज्या दगडावर उभे आहेत, त्याच कुळातील दगड बडा शिमल्याच्या हाडांवर पांघरूण घालून बसला आहे. सह्याद्रीचे आणि नर्मदेचे नाते मराठ्यांच्या स्वाऱ्यांनी जोडले, असे आपण मानतो. ते त्याआधी कोट्यवधी वर्षे दगडाने जोडले होते.

विज्ञानातून इतिहासाकडे जाण्याची वाटही येथेच आहे, आणि ती एका शब्दावरून जाते. जगातील दक्षिणेकडील खंडे एके काळी एकत्र होती. त्या अखंड भूमीला शास्त्रज्ञ ‘गोंडवन’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील नि दक्षिण आफ्रिकेतील विद्यार्थीही हा शब्द शिकतात. तो आला गोंडांच्या देशावरून. १८७२ साली मेडलिकॉट या भूवैज्ञानिकाने मध्यभारतातील काही प्राचीन खडकांना हे नाव दिले, आणि पुढे एडुआर्ड झ्यूस याने ते साऱ्या खंडाला लावले. ते गोंड कोण, त्यांचे राज्य कोठे होते, हे सांगण्याचे काम मात्र भूविज्ञानाचे नाही. त्यासाठी दुसरे पुस्तक उघडावे लागते.

इतिहासाचे पुस्तक उघडले की प्रथम भेटतात ते त्रिपुरीचे कलचुरी. त्रिपुरी म्हणजे जबलपूरजवळचे आजचे तेवर. १९३९ साली काँग्रेसचे अधिवेशन भरले ते हेच त्रिपुरी. या राजांच्या शिलालेखांचा आणि ताम्रपटांचा संग्रह महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी सिद्ध केला आणि तो १९५५ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. कोकणात जन्मलेल्या आणि नागपुरात अध्यापन केलेल्या या पंडिताने आयुष्याची कितीतरी वर्षे नर्मदाकाठच्या झिजलेल्या अक्षरांत घालविली. या लेखांत कालगणना कलचुरी संवताची आहे. तिचा आरंभ इसवी सन २४८-४९ च्या सुमारास होतो. भेडाघाट येथील राणी अल्हणदेवीचा लेख ९०७ या वर्षाचा आहे. त्यात २४८ मिळविले म्हणजे ११५५ हे इसवी सनाचे वर्ष येते. ही बेरीज शाळकरी मुलालाही करता येईल. पण मिळवावयाची संख्या २४८ च का, हे ठरविण्यासाठी विद्वानांना पिढ्यान्‌पिढ्या ग्रहणे, तिथी आणि वार यांचे ताळे जुळवावे लागले. येथे इतिहास गणिताचा हात धरतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

याच त्रिपुरीच्या दरबारी राजशेखर हा कवी काही काळ होता, असे विद्वान मानतात. त्याचा पणजा अकालजलद हा ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणून ओळखला जाई. म्हणजे पोटासाठी अथवा विद्येसाठी महाराष्ट्र सोडून नर्मदेकाठी येणारा माणूस ही काही पेशवाईतील किंवा रेल्वेच्या काळातील नवलाई नव्हे. हजार वर्षांपूर्वीही ती वाट मळलेली होती.

कलचुरींच्या मागून गढा-मंडल्याचे गोंड राजे येतात आणि त्यांच्यात राणी दुर्गावती येते. अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना १५६४ साली तिने देह ठेवला. रणात घायाळ झाल्यावर शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा तिने स्वतःच प्राण दिला. तिची ही हकीकत आपल्याला ठळकपणे सांगतो तो अबुल फजल, म्हणजे जिंकणाऱ्या बादशहाच्या पदरचा इतिहासकार. इतिहासाच्या वाचकाने शिकावयाची पहिली गोष्ट हीच: हकीकत कोण सांगत आहे, कोणाच्या पदरी राहून सांगत आहे, आणि कोणासाठी सांगत आहे? शत्रूचा लेखकसुद्धा जेव्हा राणीच्या शौर्याची वाखाणणी करतो, तेव्हा त्या वाखाणणीचे वजन वाढते. उलट, स्वारीची कारणे तो सांगू लागला म्हणजे तेच वजन कमी धरावे लागते. पुढे १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी हे राज्य घेतले, शतकाच्या अखेरीस ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि १८१७-१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले. या मराठी अमलाची कागदपत्रे वाचतानाही तोच प्रश्न विचारावयास हवा. आपले म्हणून आपल्याला सूट नाही.

इंग्रजी अमलाबरोबर आपला पूर्वीचा परिचित पुन्हा भेटतो. हाडे शोधणारा कॅप्टन स्लीमन तो हाच, ज्याचे नाव ठगांच्या बंदोबस्ताशी कायमचे जोडले गेले. पनागरच्या पुढचे स्लीमनाबाद त्याच्याच नावाचे. वाटसरूंशी गोड बोलून सलगी करावयाची, आणि निर्जन जागी रुमालाने गळा आवळून त्यांना लुटावयाचे, अशा टोळ्या त्या काळी रस्त्यांवर वावरत. स्लीमनने माफीचे साक्षीदार बोलते केले, त्यांच्या वंशावळी मांडल्या, त्यांच्या सांकेतिक भाषेचा कोश तयार करून १८३६ साली छापला. या माफीच्या साक्षीदारांना कामाला लावण्यासाठी जबलपुरात १८३७ च्या सुमारास उद्योगशाळाही निघाली. आणि १८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलर याने ठगाच्या कबुलीजबाबाची ती सुप्रसिद्ध इंग्रजी कादंबरी लिहिली. टेलर हा निजामाच्या नोकरीतला. पुढे तो नळदुर्गास होता आणि तुळजापूरच्या परिसरावर त्याने ‘तारा’ ही मराठेशाहीची कादंबरी १८६३ साली लिहिली. त्यामुळे मराठी वाचकाला तो अगदीच परका नाही.

त्याच्या कादंबरीतील अमीर अली आपली कृष्णकृत्ये इतक्या शांतपणे सांगतो की, वाचकाच्या अंगावर काटा उभा राहतो आणि तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. साहसकथेचे सामर्थ्य ते हेच. परंतु तिचा धोकाही तोच. पुढे शंभर वर्षे लोकांनी ठग पाहिला तो या कादंबरीतला. कालीमातेला नरबळी देणारा एक देशव्यापी गुप्त पंथ अशी जी प्रतिमा रूढ झाली, ती आजचे इतिहासकार जशीच्या तशी स्वीकारीत नाहीत. ते विचारतात: या जबान्या दिल्या कोणी? ज्यांचा जीव साक्ष दिल्यानेच वाचणार होता त्यांनी. प्रश्न विचारले कोणी? ज्यांना आधीच एक मोठा कट असल्याचा संशय होता त्यांनी. रस्त्यावर खून पडत होते यात शंका नाही. पुरलेली प्रेते उकरून काढण्यात आली होती. शंका आहे ती त्या खुनांभोवती विणलेल्या कथेबद्दल. आता पाहा, बडा शिमल्याच्या मणक्याला विज्ञानाने जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न इतिहासाने ठगाच्या जबानीला विचारला: एवढ्या पुराव्यावर एवढे मोठे नाव टिकते काय? आणि योगायोग असा की, दोन्ही ठिकाणी पुरावा गोळा करणारा माणूस एकच होता.

मग साहसकथा फडताळातून काढून टाकावयाची काय? मुळीच नाही. ठगाच्या कादंबरीने वाचकाला पकडून आणले नसते, तर जबानीची छाननी वाचावयास तो आलाच नसता. दुसरे एक उदाहरण याहून हलकेफुलके आहे. ज्यूल व्हेर्न याची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या फिलिअस फॉगची कथा १८७२ साली फ्रान्समध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. मुंबईहून निघालेली फॉगची आगगाडी कोल्बी नावाच्या ठिकाणी अकस्मात थांबते. कारण तेथून अलाहाबादपर्यंतचे सुमारे पन्नास मैल रूळ घातलेलेच नसतात! मग फॉग दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घेतो आणि अरण्यातून पुढे निघतो. कथा ऑक्टोबर १८७२ मधली. प्रत्यक्षात अलाहाबाद ते जबलपूर हा मार्ग १८६७ सालीच सुरू झाला होता, आणि मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला मार्ग त्याला जबलपुरात येऊन मिळाला होता. फॉग खरोखरीच आला असता तर पनागरच्या बाजूने खिडकीत बसून आरामात पुढे गेला असता, आणि हत्तीचा मालक दोन हजार पौंडांना मुकला असता. व्हेर्नने रूळ उखडले ते कथेच्या सोयीसाठी. ही गोष्ट ज्या मुलाला कळली, त्याला कथेचा आनंद कमी मिळत नाही. उलट दुप्पट मिळतो. एक हत्तीच्या पाठीवरचा आणि दुसरा वेळापत्रक हाती घेऊन केलेल्या शोधाचा.

व्हेर्न मराठीत आणणारे भा. रा. भागवत हे जन्माने इंदूरचे. चंद्रावरच्या, पाताळातल्या आणि समुद्रतळीच्या सफरी त्यांनी मराठी मुलांना घडविल्या, आणि त्यांच्या बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे याने पुण्याच्या सायकलवरून कित्येक पिढ्यांना मागे बसवून नेले. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले आणि वाढले मात्र बनारसला, हिंदी मुलखात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ना. वि. जगताप या टोपणनावाने पाठविली. आपल्या कीर्तीमुळे परीक्षकांचा तोल जाऊ नये म्हणून घेतलेली ही काळजी शास्त्रज्ञालाच शोभणारी होती. या दोन्ही लेखकांची मराठी महाराष्ट्राच्या सीमेने बांधलेली नव्हती, हे मला येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

इतिहास आणि साहसकथा यांच्या सीमेवरचे एक पुस्तक तर प्रत्येक मराठी घरात असावयास हवे. ते म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला, आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. साहसकथेत असते ते सारे या पुस्तकात आहे, फक्त नायकाला साहसाची मुळीच हौस नाही. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले, पण करताना त्यात फेरफार केले. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रकाशात आणली. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे संपादकाचा हात कोठे फिरला ते दिसते, आणि छापलेले ते सारे जसेच्या तसे खरे हा भाबडेपणा आपोआप गळून पडतो.

श्रोतेहो, आता ज्या कारणासाठी पनागरचे उदाहरण घेतले त्याकडे वळतो. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ एकीकडे गेला, जबलपूर दुसरीकडे राहिले. या बाजूला राहिलेल्या मराठी घरांत आज मुले हिंदीत शिकतात, इंग्रजीत परीक्षा देतात, आणि मराठी बोलतात ती आजीशी, स्वयंपाकघरात नि गणपतीच्या आरतीत. यात दोष कोणाचाच नाही. शेजारधर्माची भाषा उत्तम यावयासच हवी. परंतु जी भाषा केवळ जेवणाची आणि सणाची राहते, ती तिसऱ्या पिढीत सणापुरतीच उरते. मुलाला ‘वरण वाढ’ म्हणता येते. पण ‘हा पुरावा अपुरा आहे’ हे मराठीत म्हणता येत नाही. भाषेचा खरा कस तेथे लागतो. आईच्या भाषेत ज्याला शंका घेता येत नाही, त्याची ती भाषा लहानपणीच्या अंगरख्यासारखी आखूड होत जाते.

म्हणूनच परमुलखातील मराठी घराने पुस्तके निवडताना केवळ संतवाङ्मय आणि शिवचरित्र यांवर थांबू नये. ती तर हवीतच. पण त्यांच्याबरोबर विज्ञानाचे एक पुस्तक हवे. पुण्याहून १९२८ पासून निघू लागलेल्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने आणि १९७६ पासून खंडशः प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशाने ही भाषा खडक, ग्रह आणि पेशी यांविषयी समर्थपणे बोलू शकते, हे सिद्ध केलेलेच आहे. त्याच्या जोडीला ज्या गावी आपण राहतो त्या गावचा इतिहास हवा. पनागरच्या मुलाला सिंहगड ठाऊक असावा, आणि तेवर व दुर्गावतीही ठाऊक असावी. तरच मराठी ही त्याला आजोळची भाषा न वाटता राहत्या घराची भाषा वाटेल. आणि तिसरी, एक झकास साहसकथा हवी. कारण मुलाचा हात फडताळाकडे प्रथम जातो तो तिच्यासाठीच.

वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे की, साहसकथा संपली म्हणजे मुलाला विचारावे: यातले खरे किती, आणि ते तुला कसे कळेल? उत्तर लगेच येणार नाही, आणि येऊही नये. ते शोधण्यासाठी मुलगा शेजारचे पुस्तक काढील, नकाशा पाहील, एखाद्या रविवारी बडा शिमल्याची टेकडी किंवा लमेटा घाट पाहण्याचा हट्ट धरील. तो हट्ट अवश्य पुरवावा. घाटावर उभे राहून त्याने वडिलांना मराठीत चार अडचणीचे प्रश्न विचारले, तर फडताळात लावलेल्या पुस्तकांचे मोल वसूल झाले असे खुशाल समजावे.